दात नंतर, आधी तारीख

लातूरहून कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलं आहे. थोडक्यात तिचा प्रश्न असा: आंतरराष्ट्रीय मानवी हक्क यंत्रणा बळकट करा, तिच्यात सुधारणा करा, असं प्रत्येक परिसंवादात ऐकू येतं. पण त्या यंत्रणेला दातच नाहीत, मग बळकट काय करायचं? सुधारणा म्हणजे नेमकं काय, आणि जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या माणसाचा तिच्याशी संबंध काय?

बावीस वर्षं मी मराठवाड्यात आणि सोलापूर भागात फौजदारी वकिली करतो. अशिलांमध्ये पारधी आणि इतर भटके-विमुक्त जास्त. जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांपुढे भारताचा आढावा असतो तेव्हा संघटनांकडून पर्यायी अहवाल जातात. त्यांच्यासाठी आमच्या भागातली माहिती गोळा करून देणं हे दुसरं काम, बिनपैशाचं. ‘दात नाहीत’ हे वाक्य सुरुवातीची काही वर्षं माझ्याही तोंडी असायचं. आता मला वाटतं की चावायची वेळ येण्याच्या कितीतरी आधी हे गाडं अडतं, आणि ते अडतं तारखेपाशी. आपल्या कोर्टात पक्षकार तारखांना कंटाळलेला असतो. जिनिव्हात उलट आहे: तिथे तारीखच लागत नाही.

आधी रचना सांगतो. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्कांचे मुख्य करार नऊ, आणि प्रत्येकावर लक्ष ठेवायला स्वतंत्र तज्ज्ञांची एक समिती. नऊपैकी सहा करारांना भारत बांधील आहे. करार मान्य केला की ठरावीक मुदतीनं सरकारनं अहवाल द्यायचा, समितीनं सरकारी शिष्टमंडळाला समोर बसवून प्रश्न विचारायचे, आणि शेवटी लेखी शिफारशी करायच्या. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ साली सामील झाला. त्या कराराच्या समितीनं, म्हणजे मानवी हक्क समितीनं, जुलै १९९७ मध्ये भारताचा तिसरा अहवाल तपासला. चौथा अहवाल २००१ च्या अखेरीस द्यायचा होता. तो तपासला गेला जुलै २०२४ मध्ये. मध्ये सत्तावीस वर्षं गेली. १९९७ साली पोलीस कोठडीत ज्याचा बाप गेला त्या पोराला आज स्वतःची पोरं आहेत.

हा उशीर फाईलवर कसा दिसतो ते एका उदाहरणावरून सांगतो. १९९७ च्या शिफारशींमध्ये एक साधी गोष्ट होती. आपल्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ३६(२) प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोगाला त्या तक्रारीची चौकशी करता येत नाही. ही अट काढा, असं समितीनं सांगितलं होतं. अट आजही कायद्यात आहे. काही वर्षांपूर्वी एक पारधी बाई माझ्याकडे आली. नवरा कोठडीतून घरी आला तो चालता येईना अशा अवस्थेत, आणि पुढे दोन महिन्यांत वारला. ती मधल्या काळात ऊसतोडीला गेली होती, पोरं बरोबर होती, पाल तीन ठिकाणी हललं होतं. माझ्यासमोर बसली तेव्हा चौदा महिने झाले होते. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले सरकारी दवाखान्याचे केसपेपर होते, घडीवर फाटलेले. मी कॅलेंडर काढून महिने मोजले, दोनदा मोजले, आणि तिला सांगितलं की तो दरवाजा कायद्यानं बंद झालाय. आपण न्यायालयात जाऊ, पण आयोगाकडे आता जाता येणार नाही. त्या रात्री मी १९९७ च्या शिफारशी पुन्हा वाचल्या. ज्या अटीनं तिला परत पाठवलं, तिच्यावर जिनिव्हात केव्हाच बोट ठेवलं गेलं होतं. कमतरता निदानाची नव्हती. बोट ठेवणारा माणूस ‘काय झालं त्याचं?’ विचारायला पुन्हा फिरकलाच नाही, ही होती.

वंशभेदविरोधी समितीची गोष्ट आमच्या भागाला आणखी जवळची. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि जन्मावरून माणसाला चोर ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये पिढ्या गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून आपल्याकडे तो विमुक्त दिन. पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतली नावं बरीचशी तीच राहिली. २००७ साली समितीनं भारताचा आढावा घेतला, तेव्हा हे तिनं स्पष्ट लिहिलं: विमुक्त जमातींवरचा कलंक या कायद्यांमुळे टिकून आहे, कायदे रद्द करा, लोकांचं पुनर्वसन करा. जात हा वंश नव्हे, हा करार तिला लागूच नाही, अशी सरकारची बाजू होती. जन्माधारित भेदभावात जात येते, हे समितीनं २००२ सालीच आपल्या सर्वसाधारण शिफारशीत मांडलं होतं, आणि त्यावर ती ठाम राहिली.

विमुक्तांविषयीचा तो परिच्छेद मी मराठीत केला, एका पानावर टाईप केला आणि झेरॉक्स काढून वस्त्यांवर वाचून दाखवला. (समित्या प्रत्येक देशाला सांगतात की शिफारशी स्थानिक भाषांत लोकांपर्यंत न्या. मला तरी सरकारी मराठी अनुवाद कधी हाती लागला नाही, म्हणून स्वतःच बसलो.) एका वस्तीवर एक म्हातारे गृहस्थ होते, जन्म सेटलमेंटमधला. त्यांनी कागद हातात घेतला, वाचता येत नसताना बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे आपल्याबद्दलच लिवलंय न्हवं? मंग ते परत कवा येणार इचारायला?”

पुढचा अहवाल जानेवारी २०१० मध्ये द्यायचा होता. ते वर्ष गेलं, त्यामागून ते सगळं दशक गेलं, भारत त्या समितीपुढे उभा राहिला नाही. दरम्यान ते आजोबा वारले. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंग नियमावल्यांमधली जातीवरची कामवाटणी आणि विमुक्त जमातींना सरसकट सराईत गुन्हेगार समजणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांची ती याचिका. निकाल आपल्या राज्यघटनेवर उभा आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण दर चार वर्षांनी कुणीतरी दिल्लीला समोर बसवून हाच प्रश्न विचारला असता, तर तो २०२४ पर्यंत लांबला असता असं मला वाटत नाही.

आता दातांकडे येतो. दात नसलेला कागदही काम करतो, फक्त तो कुणीतरी उचलून वापरावा लागतो. १३ ऑगस्ट १९९७ चा विशाखा निकाल तुम्ही अभ्यासक्रमात वाचला असेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा आपल्याकडे कायदा नव्हता. स्त्रियांवरील भेदभाव संपवण्याचा करार भारतानं १९९३ साली मान्य केला होता. न्यायालयानं तो करार आणि त्याच्या समितीची शिफारस हाताशी घेतली आणि मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. २०१३ साली त्यांचा कायदा झाला. आज पुण्यातल्या आयटी कंपनीत किंवा लातूरच्या कॉलेजात तक्रार समिती आहे, तिच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांचा एक ‘बिनदाताचा’ दस्तऐवज आहे. म्हणून वकिलांनी समित्यांच्या शिफारशी वाचाव्यात. युक्तिवादाच्या टिपणात त्या जोडाव्यात. न्यायाधीश घेतील किंवा न घेतील, आपण ठेवल्याच नाहीत तर घेणार कुठून?

तुमच्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर असं: पहिली सुधारणा वेळापत्रकाची. त्याबाबत काही हालचाल झाली आहे. एप्रिल २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं करार समित्यांच्या बळकटीकरणाचा ठराव क्रमांक ६८/२६८ केला. समित्यांना बैठकांसाठी किती वेळ द्यायचा याचं सूत्र त्यात ठरलं, आठवड्याला किमान अडीच अहवाल असा हिशेब धरून. सरकारी अहवालांनाही शब्दमर्यादा आली. नियमित अहवालाला २१,२०० शब्द. मला हे आवडलं. कायद्यांची कलमं उतरवून काढलेला जाडजूड अहवाल आणि त्यात एकही पोलीस ठाणं नाही, असे अहवाल मी वाचले आहेत. २०२२ च्या जूनमध्ये सगळ्या समित्यांच्या अध्यक्षांनी मिळून ठरवलं की प्रत्येक देशाचा पूर्ण आढावा आठ वर्षांतून एकदा ठरल्या वर्षी घ्यायचा आणि मध्ये एक पाठपुराव्याची फेरी ठेवायची.

आठ वर्षं ऐकून तुम्हाला वाटेल, एवढं अंतर? मलाही ते जास्त वाटतं. पण सत्तावीसशी तुलना करा. वर्ष आधीच माहीत असलं की खालची सगळी माणसं कामाला लागू शकतात. आम्ही २०२४ साठी माहिती जमवली ती घाईत, कारण आढावा खरंच होणार आहे यावरच कुणाचा विश्वास नव्हता. एका कोठडी मृत्यूबद्दल विधवेचा जबाब मराठीत अकरा पानं हाती लिहिलेला होता. शब्दांची अट सांभाळत इंग्रजीत तो चार ओळी झाला. ‘माझ्या हातात फक्त त्यांची चप्पल दिली’ हे तिचं वाक्य मी दोनदा आत घेतलं आणि दोनदा काढलं, शेवटी राहिलं नाही. वर्षभर आधी कळलं असतं तर शवविच्छेदनाचा अहवाल मिळवून जोडला असता, आणि मग त्या चार ओळींना वजन आलं असतं.

आठ वर्षांच्या या चक्राला दोन गोष्टी हव्यात, त्यांतली एक पैसा. मानवी हक्क हा संयुक्त राष्ट्रांच्या तीन खांबांपैकी एक म्हणवला जातो, पण नियमित अर्थसंकल्पातला त्याचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. या समित्यांचं काम सांभाळणाऱ्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाचा निम्म्याहून जास्त खर्च देशांच्या ऐच्छिक देणग्यांवर चालतो. मोठे वर्गणीदार वेळेवर वर्गणी भरत नाहीत, रोख संपते, आणि कात्री लागते ती बैठकांना. २०२५ मध्ये काही समित्यांची सत्रं याच कारणानं रद्द झाली. सत्र रद्द होतं म्हणजे कुणाची तरी तारीख जाते. समित्यांकडे आलेल्या आणि पडून राहिलेल्या व्यक्तिगत तक्रारींचा साठा तर हजाराच्या कधीच पलीकडे गेला आहे. भारतीय नागरिकांना ती सोयही नाही, कारण तक्रारीची मुभा देणाऱ्या पूरक करारांना भारतानं मान्यता दिलेली नाही. मला विचाराल तर नव्या जाहीरनाम्यावर शाई खर्च करण्यापेक्षा या सत्रांचा खर्च नियमित अर्थसंकल्पात पक्का बसवणं जास्त मोलाचं.

दुसरी गोष्ट म्हणजे, देश अहवालच देत नसेल तर अहवालाशिवाय आढावा. हे कायद्यात बसतं आणि झालेलंही आहे. मानवी हक्क समितीनं २००२ साली गांबियाचा आढावा अहवाल नसताना, शिष्टमंडळ आलेलं नसताना घेतला. आपल्याकडे प्रतिवादी गैरहजर राहिला तर एकतर्फी चालवतात, तसंच. हे अपवाद म्हणून न करता नियम म्हणून, लहान देशांइतकंच मोठ्या देशांनाही लावलं पाहिजे. अहवाल न देणाऱ्याला मोकळीक आणि अर्धामुर्धा का होईना देणाऱ्याला सहा तास प्रश्न, ही आजची रीत प्रामाणिक देशावर अन्याय करते.

समित्या एकत्र करून एकच मोठी कायम समिती करा, असा प्रस्ताव २००६ मध्ये तेव्हाच्या उच्चायुक्त लुईझ आर्बर यांनी मांडला होता. तो बारगळला. तेव्हा मला हळहळ वाटली होती, आज वाटत नाही. अपंगांच्या हक्कांच्या समितीत बहुतेक सदस्य स्वतः अपंग आहेत. शाळेच्या पायरीचा प्रश्न ते ज्या नेमकेपणानं विचारतात, तो सगळ्या विषयांच्या एकाच समितीत हरवला असता. जागतिक मानवी हक्क न्यायालयाची कल्पनाही अधूनमधून निघते. ज्यांची चौकशी व्हायला हवी ते देश त्यात येणार नाहीत, हे आपण सगळे जाणतो. त्यापेक्षा आपल्या खंडात प्रादेशिक न्यायालय नाही याची खंत मला जास्त आहे. युरोप, अमेरिका खंड आणि आफ्रिका, तिघांकडे आहे. आशियात सरकारबाहेर, देशाबाहेर दाद मागायची तर थेट जिनिव्हा.

मानवाधिकार परिषदेबद्दल थोडंच लिहितो, कारण ती सरकारांची सभा आहे आणि तिथलं राजकारण तुम्ही वर्तमानपत्रात वाचताच. २००६ साली ती आली, सत्तेचाळीस सदस्य देशांची. तिचं सर्वात चांगलं अपत्य म्हणजे सर्व १९३ देशांचा आळीपाळीनं होणारा आढावा, आणि तो टिकला तो त्याचं वेळापत्रक पक्कं असल्यामुळे. भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ ला आली, चुकली नाही. तिचं सर्वात वाईट रूप दिसलं ६ ऑक्टोबर २०२२ ला. शिनजियांगमधल्या उइघुरांच्या स्थितीवर नुसती चर्चा करावी, एवढाच ठराव होता. तो १७ विरुद्ध १९ मतांनी पडला, ११ देश तटस्थ राहिले. त्या अकरात भारत होता. मला त्या दिवशी वाईट वाटलं. आज दुसऱ्याच्या घराबद्दल चर्चाही नको म्हणणारा देश उद्या आपल्या माणसांबद्दल जगाकडे काय मागणार?

आणखी एक सुधारणा, आणि परिसंवादांत सगळ्यात कमी बोलली जाणारी, ती आपल्या घरातली. शिफारस ‘भारत’ या नावावर येते आणि दिल्लीत उतरते. पण पोलीस, तुरुंग, सार्वजनिक आरोग्य हे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांचे विषय आहेत. कोठडीतल्या मारहाणीची शिफारस दिल्लीहून मंत्रालयात, तिथून जिल्ह्याला आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत कोण नेणार? मी एकदा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज केला: २००७ ची विमुक्तांबाबतची शिफारस कोणत्या विभागाकडे आहे, तिच्यावर काय कार्यवाही झाली? अर्ज कलम ६(३) खाली दुसऱ्या खात्याकडे वर्ग झाला. तिथून तिसऱ्या. शेवटी ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं. त्या कारकुनाला मी दोष देत नाही, त्याच्याकडे खरंच काही पोहोचलेलं नव्हतं. पॅराग्वेसारख्या लहान देशानं ‘सिमोरे’ नावाची संगणकीय नोंदवही केली आहे. प्रत्येक आंतरराष्ट्रीय शिफारस कोणत्या खात्याची, तिचं काय झालं, हे नागरिकाला उघडून बघता येतं. आधार आणि सातबारा ऑनलाईन करणाऱ्या देशाला आणि राज्याला हे अवघड नाही. महाराष्ट्रानं आपल्यापुरती अशी नोंदवही काढली तर दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही.

त्याच ओघात आयोगांचा विषय येतो. राष्ट्रीय आयोग सरकारपासून किती स्वतंत्र, हे १९९३ च्या पॅरिस तत्त्वांवर तपासलं जातं. आपल्या राष्ट्रीय आयोगाच्या ‘अ’ दर्जाचं नूतनीकरण २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोनदा पुढे ढकललं गेलं. तपासकामात पोलीस अधिकारी असणं हे आक्षेपांतलं एक कारण होतं. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसानंच तपासायची, याचा अर्थ पालावरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

आणि माहिती देणाऱ्यांचं संरक्षण. हे मी शेवटाकडे लिहितोय, पण महत्त्वानं ते वर आहे. चीनच्या कार्यकर्त्या त्साओ शुनली सप्टेंबर २०१३ मध्ये जिनिव्हाला निघाल्या होत्या. बीजिंग विमानतळावरच त्यांना पकडलं. मार्च २०१४ मध्ये त्या वारल्या, अटकेत उपचार न मिळाल्यामुळे. आमच्याकडे इतकं टोक मी पाहिलेलं नाही, पण जबाब दिलेल्या बाईच्या पालावर दुसऱ्या दिवशी जीप फिरते, हे पाहिलं आहे. म्हणून नावं काढून टाकतो, गावं काढून टाकतो, आणि मग समितीचे सदस्य विचारतात की पुरावा इतका मोघम का. संघटनांना आत येऊ देण्याचीही एक लढाई असते. दलितांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या ‘इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क’नं संयुक्त राष्ट्रांत सल्लागार दर्जासाठी २००७ साली अर्ज केला. भारताच्या प्रतिनिधींनी एकामागून एक प्रश्न विचारत तो अडवून ठेवला. दर्जा मिळाला डिसेंबर २०२२ मध्ये, पंधरा वर्षांनी. अर्जदाराला अमुक इतके प्रश्न विचारता येतील आणि अमुक इतक्या महिन्यांत निकाल द्यावा लागेल, एवढा एक नियम केला तरी पुष्कळ फरक पडेल. पुन्हा तारीखच.

तुम्ही काय करू शकता ते सांगून थांबतो. मानवी हक्क समिती आढाव्यानंतर तीन वर्षांनी निवडक शिफारशींवर पाठपुराव्याची माहिती मागते. भारतासाठी ते वर्ष २०२७. आठ वर्षांच्या हिशेबानं पुढचा पूर्ण संवाद २०३२ ला. डायरीत दोन्ही वर्षं लिहून ठेवा. २०२४ च्या शिफारशी डाऊनलोड करा, कोठडीतला छळ, हातानं मैला साफ करणं, आयोगाचं स्वातंत्र्य असे आपल्या जिल्ह्याला लागू होणारे पाच-सहा परिच्छेद निवडा आणि ते मराठीत आणा. लातूर जिल्ह्यात त्यांतल्या प्रत्येकाचं एक तरी प्रकरण सापडेल. केसपेपर, पंचनामा, माहिती अधिकारातली उत्तरं आत्तापासून एका फाईलला लावत जा. साक्षीदाराचं नाव मात्र वेगळ्या वहीत, घरी. अनुवादाला अडलात तर माझं २००७ चं एक पानी झेरॉक्स अजून आहे, ते पाठवतो. ‘डिसेंट’साठी (descent, म्हणजे जन्मानं मिळालेलं मूळ) मी ‘वंशपरंपरा’ लिहिलं होतं, त्याला अधिक चांगला शब्द तुम्हाला सापडला तर कळवा.